मी गाळलेली दोन वाक्यं

जानेवारीत तू मला ते पुस्तक पाठवलंस. आफ्रिकेतल्या आजच्या लेखकांनी लिहिलेल्या, उद्याच्या किंवा कुठल्याच काळात नसलेल्या जगांच्या गोष्टी. महिन्याभराने फोनवर विचारलंस, आजी, कुठली आवडली? मी तुला तीन पानांचा मेल लिहिला, मुद्दे पाडून, पानांचे आकडे देऊन. तू तो तुझ्या मैत्रिणींना वाचून दाखवलास हे नंतर कळलं आणि मला ते आवडलं होतं. त्या मेलमध्ये खोटं काही नाही. पण तो लिहिल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत मी जे केलं ते तुम्हा दोघा भावंडांना माहीत नाही, आणि ते न सांगता तो मेल तुमच्याकडे राहावा हे मला बरं वाटत नाही. मराठीत लिहिते आहे, कारण जे केलं ते मराठीत केलं. तुझ्या भावाला वाचायला जड जाईल. त्याला तू वाचून दाखव.

माझी वाचायची पद्धत तुम्हाला माहीत आहे. पुस्तकाला खाकी कव्हर घालायचं, पेन्सिलीला टोक करायचं, समासात खुणा करायच्या आणि शेवटच्या कोऱ्या पानावर विषयवार यादी करायची. कॉलेजात इंग्रजी शिकवताना जी सवय लागली ती निवृत्तीनंतरही गेली नाही. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: पाणी, भूक, स्थलांतर, आई, शेजार. प्रत्येकापुढे पानांचे आकडे. सगळ्यात जास्त आकडे पाण्यापुढे आहेत.

पाण्याची जी गोष्ट मला सगळ्यात आवडली, ती अशी. समुद्रकाठचं एक शहर आहे आणि तिथे प्यायला पाणी उरलेलं नाही. लोकांच्या मनगटावर एक लहानसं यंत्र बसवलेलं आहे. दोघांनी मनगटाला मनगट लावलं की एकाची तहान दुसऱ्याला काही तास स्वतःवर घेता येते. पाणी त्याने वाढत नाही, तहान तेवढी वाटली जाते. गल्लीतल्या बाया पाळ्या लावून म्हाताऱ्यांची आणि बाळंतिणींची तहान घेतात. एक दिवस परगावची एक बाई येते. तिच्या बदल्यात पाळी घ्यायला तिचं असं कोणीच नाही, त्यामुळे तिला कुठल्या पाळीत बसवायचं यावर वाद चालतो. तेवढ्यात पाव भाजणारी एक खाष्ट बाई, जिचं गल्लीत कोणाशीच पटत नाही, उठते आणि आपलं मनगट तिच्या मनगटाला लावते. मग दिवसभर भट्टीसमोर दोघींची तहान घेऊन उभी राहते. एवढीच गोष्ट. मी ती वाचली तेव्हा चष्मा काढून डोळे पुसले होते. समासात लिहिलं होतं, 'सोसण्यातून जोडलेपण'. हे शब्द तुला लिहिलेल्या मेलमध्येही आहेत.

आता आमच्या खाली राहणाऱ्या एका मुलीबद्दल.

आमच्या इमारतीत आठ घरं. मी दुसऱ्या मजल्यावर, माझ्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर पुण्याला राहणाऱ्या एका गृहस्थांचं घर, ते भाड्याने असतं. गेल्या वर्षी तिथे फार्मसी शिकणारी एक मुलगी राहायला आली. आफ्रिकेतल्या एका देशातली. कुठला ते लिहीत नाही, कारण नागपुरात त्या देशाच्या मुली फार नाहीत आणि तिची ओळख पटेल. उंच, शांत, जिन्यात भेटली की बाजूला होऊन वाट देणारी. मला आंटी म्हणायची. मी तिच्याशी इंग्रजीत बोलायची आणि मला त्याचा आनंद व्हायचा, कारण इमारतीत तसं बोलायला दुसरं कोणी नाही. मराठी ती आमच्या दारावर येणाऱ्या भाजीवालीकडून शिकली होती. भाजीवाली विचारायची, "काहून वं पोरी, आज मेथी नाही घेत?" आणि ही सरळ उत्तर द्यायची, "मले नाही पाह्यजे, कडू लागते." भाजीवाली टोपली खाली ठेवून हसायची. मी एकदा मध्ये पडून सांगितलं की 'मले' नाही, 'मला' म्हणायचं. तर भाजीवाली म्हणाली, "राहू द्या बाई, तिले भाजी घ्याची हाय, परीक्षा नाही द्याची." तिघी हसलो. तेव्हा आमचं असं बरं चाललं होतं.

फेब्रुवारीत आमच्या वाचन मंडळात मी त्या पुस्तकावर बोलणार होते. दर महिन्याला आम्ही दहा-बाराजणी कोणाच्या तरी घरी जमतो, एक जण पुस्तकावर बोलते, मग चहा-फराळ. त्या महिन्यात माझं घर होतं. माझ्या डोक्यात आलं की खालच्या मुलीला बोलवावं. पाहुणी म्हणून, असं मी तिला सांगितलं. मनात होतं ते वेगळं. पुस्तक आफ्रिकेतलं, माझ्या शेजारी आफ्रिकेतली मुलगी, असा तो कार्यक्रम मला दिसत होता. शिकवताना मी वर्गात नकाशा टांगायची ना, तसं काहीसं.

ती आली. साधा पंजाबी ड्रेस, केस नीट वेणीत बांधलेले. मी पाऊण तास बोलले. पाव भाजणाऱ्या बाईपाशी आले तेव्हा दोघी-तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी तिच्याकडे वळून म्हणाले, आता आपण हिच्याकडून ऐकू. बायकांनी प्रश्न सुरू केले. तुमच्याकडे पाणी किती लांबून आणावं लागतं? दुष्काळात लहान मुलांचं कसं होतं? तुम्ही एकमेकींना असंच धरून राहता का? ती थोडा वेळ गोंधळली. मग म्हणाली की तिचं गाव राजधानीचं शहर आहे, वडील शाळेत गणित शिकवतात, घरात नळाला चोवीस तास पाणी असतं, आणि तिथला मोठा त्रास म्हणजे सकाळचा ट्रॅफिक. समुद्रकाठची ही गोष्ट ज्या देशातली आहे तो तिच्या देशापासून विमानाने सहा-सात तासांवर आहे, तिथे ती कधी गेलेली नाही. टँकरपुढे बादली घेऊन ती आयुष्यात पहिल्यांदा उभी राहिली ती मागच्या उन्हाळ्यात, इथे, आपल्याच गेटसमोर. हे ती तक्रार म्हणून बोलली नाही, गंमत म्हणून बोलली. कोणी हसलं नाही. मी घाईने चहाला उठले.

वाईट वाटून, की तिला खूश करायला, मी तिला पुस्तक वाचायला दिलं. चार दिवसांनी परत आणलं. मला वाटलं होतं हळवी होऊन येईल. ती दारातूनच हसत आली. म्हणाली, "आंटी, ही केवढी विनोदी गोष्ट आहे." मी विचारलं, कुठली? तर पाण्याचीच. तिने पान उघडून दाखवलं. रांगेत उभी असलेली एक बाई दुसरीला विचारते, तुझी तहान घेतली तर तुझा स्वभावही अंगात येईल का? आणि पाव भाजणारी बाई मनगट पुढे करताना म्हणते, मला तुमच्यातलं कोणीच आवडत नाही, त्यामुळे मला निवड करावी लागत नाही. ही वाक्यं मी दोनदा वाचली होती. दोन्ही वेळा त्यांच्याखाली पेन्सिल फिरली नव्हती.

ती म्हणाली, "तुम्ही सगळीकडे दुःखाखालीच रेघ मारली आहे. बाकीचं तुम्हाला दिसलंच नाही का?" तिने हे कुतूहलाने विचारलं. पुढे म्हणाली की ही काही उद्याची गोष्ट नाही, मनगटावरचं यंत्र तेवढं खोटं. बायका पाळ्यांवरून भांडतात, टोमणे मारतात आणि मग कोणीतरी वैतागून मदत करते, ते सगळं आजचंच आहे, तिच्या मावशीच्या गल्लीतलं.

तिचं बरोबर होतं. मला ते तिथल्या तिथे कळलंही. आणि मला राग आला. विद्यार्थी आपल्यापेक्षा बरं वाचतो तेव्हा शिक्षकाला आनंद व्हायला हवा असं मी पुष्कळ निरोप समारंभांत बोलले आहे. प्रत्यक्षात मला राग आला, आणि त्यानंतर जिन्यात भेटली की मी पूर्वीपेक्षा कमी बोलू लागले. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते नुसत्या भिडेपोटी झालं असं तुम्हाला वाटेल, आणि मला ते तसं वाटू द्यायचं नाही.

मार्चच्या शेवटी नागपुरात सगळ्यांची कूलरची कामं निघतात. आजोबा गेल्यापासून आमच्या कूलरचं काम मीच करते. बाजूच्या गवताच्या जुन्या ताट्या काढायच्या, त्यातलं वर्षभर कुजलेलं गवत झटकायचं, जाळ्या धुवायच्या, नवीन गवत भरायचं. घरात घाण नको म्हणून मी हे सगळं गच्चीवर नेऊन करते. त्या दिवशीही केलं. मोठं गवत गोणीत भरलं, बारीक भुसा पाण्याने लोटून दिला. गच्चीच्या कोपऱ्यात पाणी जायचा पाइप आहे, त्याची जाळी मी सरकवली होती, म्हणजे पाणी लवकर जाईल. नीट आठवतं.

दहा दिवसांनी वरची टाकी भरून वाहिली. पाइप तुंबलेला, त्यामुळे रात्रभर पाणी गच्चीवर साचलं आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे अध्यक्ष राहतात, त्यांच्या बेडरूमच्या छतातून झिरपलं. त्यांचं लकडगंजला होलसेलचं दुकान आहे. माणूस वाईट नाही, पण त्यांनी छताला नुकताच रंग दिला होता. प्लंबर आला. आम्ही सगळे गच्चीवर उभे. त्याने तार घालून पाइपातून एक काळा बोळा ओढून काढला आणि म्हणाला, "हे पाहा साहेब, केसं निघून राहिले." होते, त्यात थोडे केस होते. आठ घरांतल्या बायका गच्चीवर केस वाळवतात, असणारच. बाकी सगळं गवत होतं. काळं पडलेलं, चिखलात माखलेलं, पण गवत. मी अगदी जवळ उभी होते. ज्याने ताट्या भरल्या आहेत त्याला ते लांबूनही ओळखू येतं.

कोणीतरी म्हणालं, खालची ती, तिच्या मैत्रिणी रविवारी येतात, वर बसून वेण्या घालतात. दुसरी म्हणाली, गाणीही म्हणतात. तिसरी म्हणाली, जिन्यात सुक्या मासळीचा वास येतो. पाइपाचं बोलणं संपून गेलं होतं, कोणाच्या लक्षातही आलं नाही. दोन मिनिटांत ठरलं की पुण्याच्या मालकांना पत्र लिहून घर खाली करायला सांगायचं. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मॅडम, ड्राफ्टिंग तुम्हीच करा. आमच्याच्यानं असं साहेबी लिहिणं होत नाही. भांडण नाही करायचं आपल्याले, सभ्य भाषेत जा म्हणायचं."

मी म्हणू शकले असते, अहो, हे माझ्या कूलरचं गवत आहे. अध्यक्ष चार शब्द बोलले असते, रंगाचा खर्च मागितला असता, आणि संपलं असतं. पण इतक्या वर्षांत त्या इमारतीत माझ्या हातून काही चुकलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता मी करते, जिन्यातली नोटीस मी लिहिते, कचऱ्याची पिशवी कशी बांधायची हे मी इतरांना सांगते. सगळ्यांसमोर तो बोळा माझा आहे हे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणाले, बरं, संध्याकाळपर्यंत देते.

ते पत्र मी दोन तास लिहीत होते. मराठी पत्राला मला इंग्रजीपेक्षा वेळ लागतो. आधी कच्चं, मग पक्कं. त्यात केसांचं, पाइपाचं, छताचं आलं. शेवटी दोन वाक्यं मी माझ्या मनाने घातली, ती कोणी सांगितली नव्हती. पत्राला वजन यावं म्हणून घातली. ती इथे लिहिते: 'सदर भाडेकरूच्या राहणीमुळे इमारतीतील कुटुंबांना सतत संकोच वाटतो. वेगळ्या पार्श्वभूमीतून आलेल्या व्यक्तीस सार्वजनिक स्वच्छतेची जाणीव असेलच असे नाही.' दुसऱ्या वाक्यात आधी 'जाणीव नसते' लिहिलं होतं. ते उद्धट वाटलं म्हणून खोडून 'असेलच असे नाही' केलं, आणि ते वाचून मला समाधान वाटलं. वाक्य डौलदार झालं होतं. त्याच टेबलावर, हाताशी, तुझं पुस्तक होतं, खाकी कव्हरातलं. मला त्या वेळी त्यात काही विसंगत दिसलं नाही. कितीतरी वेळ मी याच गोष्टीपाशी अडून बसते. डोळे पुसले ते खोटं नव्हतं, आणि हे लिहिलं तेही मीच.

चार दिवसांनी दुपारी बेल वाजली. ती होती. हातात फोन, त्यावर त्या पत्राचा फोटो. मालकांनी पाठवला होता, सोबत एवढंच की महिन्याअखेर घर सोडावं. तिची परीक्षा मेच्या मध्यावर होती. पत्र मराठीत होतं म्हणून ती माझ्याकडे आली होती. खाली सही अध्यक्षांची होती, पत्र टाइप केलेलं होतं, माझं अक्षर त्यात कुठेच नव्हतं. ती म्हणाली, "आंटी, मला हे सगळं वाचून दाखवाल? नेमकं काय लिहिलं आहे ते कळायला हवं, म्हणजे उत्तर देता येईल."

मी तिला बसवलं, पाणी दिलं, चष्मा लावला. आणि माझंच पत्र इंग्रजीत तिला वाचून दाखवलं, एकेक वाक्य, जणू पहिल्यांदाच बघते आहे. शेवटची दोन वाक्यं आली तेव्हा मी वरच्याच वाक्याचा सूर खाली आणून थांबले आणि म्हणाले, बस, मग सही आहे.

तिने फोन टेबलावर ठेवला. मग मराठीत म्हणाली, "पण मी गच्चीवर वेणी घालतच नाही. काहून लिहिलं असं?" नंतर इंग्रजीत सांगू लागली. केस बाहेर पडू द्यायचे नाहीत ही तिच्या आईची शिस्त. खोलीत जमिनीवर कागद अंथरून वेण्या घालायच्या, गळलेले केस पिशवीत बांधायचे. गच्चीवर त्या फक्त बसायच्या, वारा असतो म्हणून. हे सांगताना तिने उठून मला खाली येऊन ती पिशवी बघायला सांगितलं. मी म्हणाले, नको, माझा विश्वास आहे. हे तेवढं खरं बोलले. तिला वाटलं मी तिच्या बाजूची आहे. तिने मला उत्तर लिहून द्यायला सांगितलं, कारण मी चांगलं लिहिते.

आणि मी लिहून दिलं. इंग्रजीत, पाऊण पान, फार चांगलं. ज्या पत्राला उत्तर द्यायचं त्याचे कच्चे दुवे कुठे आहेत हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? गच्चीवर आठही घरं जातात, केस कोणाचे हे कोणी पाहिलेलं नाही, परीक्षेपर्यंत मुदत मिळावी. गवताचा शब्द त्यातही नव्हता. तिने दोनदा वाचलं, माझा हात धरला आणि खाली गेली.

सोसायटीच्या बैठकीत ते पत्र अध्यक्षांनी अडखळत वाचलं. "पोरगी हुशार आहे हं," ते म्हणाले, "वकिलासारखं लिहिलं." मग मला विचारलं, "मॅडम, तुमचं काय म्हणणं? तुमच्या खालीच राहते ती." सगळे माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी सुद्धा उशीर झाला नव्हता. मी म्हणाले, बहुमताचं जे असेल ते. अध्यक्ष म्हणाले, मग झालं.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी ती गेली. वर्गातल्या एका मुलीचं घर कळमेश्वरला आहे, त्या मुलीने तिला आपल्याकडे नेलं. परीक्षेला तिथून रोज एसटीने येणार होती, त्या उन्हात. दोघींनी मिळून सामान खाली आणलं, एक ऑटो भरला. मी चिवडा आणि लिंबाचं सरबत घेऊन खाली गेले. मैत्रीण ऑटोपाशी उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा मला शंका आली.

मुलीने डबा घेतला, आभार मानले. मग हळू आवाजात इंग्रजीत म्हणाली, "आंटी, तुमच्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी हिने मला ते पत्र वाचून दाखवलं होतं, तुमच्याकडे मी खात्री करायला आले होते. तुम्ही वाचलंत त्यात शेवटची दोन वाक्यं नव्हती."

मी सरबत पुढे केलं. ती म्हणाली, "मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून गाळलीत. मग ही म्हणाली, असं मराठी तुमच्या इमारतीत दुसरं कोण लिहितं?" ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. उत्तर तिला तिथे मिळालं असावं, कारण तिने पुढे विचारलं नाही. ऑटो सुरू झाला.

परीक्षा संपल्याचं भाजीवालीकडून कळलं. तिच्याकडे मुलीचा नंबर होता, माझ्याकडेही होता, पण मला फोन करायचं धाडस झालं नाही. पत्ता भाजीवालीनेच विचारून दिला. मेच्या अखेरीस एका सकाळी मी एसटीने कळमेश्वरला गेले. काय सांगायचं ते मी वहीत लिहून नेलं होतं.

अंगणात चटईवर कुरडया घालणं चाललं होतं. मैत्रिणीची आई चीक भरून सोऱ्या देत होती, आणि ती मुलगी वाकून धुतलेल्या धोतराच्या कापडावर कुरडई पाडत होती, गोल, एकसारखी. मला पाहून आईने खुर्ची आणली. मैत्रीण आत निघून गेली. मी वही उघडली नाही. तिच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. पत्र मी लिहिलं, ती दोन वाक्यं मला कोणी सांगितली नव्हती, आणि पाइपात माझ्या कूलरचं गवत होतं, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. तेही कबूल करते.

ती सोऱ्या हातात धरून उभी होती. कोपरापर्यंत हात चिकाने माखलेले. पत्राचं तिला ठाऊक होतं, गवताचं नव्हतं. ती गवताचंच परत विचारत राहिली. प्लंबरने काढलं तेव्हा तुम्ही तिथे होतात? आपण बोललो त्या दुपारी, मी पिशवी दाखवायला बोलावलं तेव्हा, तेव्हाही माहीत होतं? मी प्रत्येक वेळी हो म्हणाले.

मग ती म्हणाली, "हे आता मी काय करू, आंटी?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती, हात भरलेले असताना कोणी आणखी एक भांडं पुढे करावं आणि आपण कुठे ठेवू म्हणून विचारावं, तसं. मग तिनेच सांगितलं की मला सांगून काय उपयोग, जे तिथे राहतात त्यांना सांगा. त्यांच्या मनात मी अजून तशीच आहे. तेवढ्यात आतून हाक आली, चीक गार व्हायला लागला होता, आणि ती परत वाकली. मैत्रिणीच्या आईने मला चहा दिला, तापमानाबद्दल बोलल्या, चांगल्या बाई होत्या. मी दुपारच्या गाडीने परत आले.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यातल्या फळ्यावर कागद लावला. गच्चीचा पाइप माझ्या कूलरच्या गवताने तुंबला होता, पहिल्या मजल्यावरच्या मुलीचा त्यात दोष नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होतं. खाली सही. संध्याकाळी अध्यक्ष आले. ओशाळल्यासारखे हसत म्हणाले, "मॅडम, झालं ते झालं. नवीन लोक राह्यला आले खाली, बँकेतले आहेत, काय म्हणतील? काढून टाकतो तो कागद." छताच्या रंगाचं मी विचारलं तर हात हलवून निघून गेले. मला कोणी एक शब्द वाईट बोललं नाही. उलट एक-दोघी म्हणाल्या, तुमचं मन किती मोठं. ज्याच्या भीतीने मी तिला घराबाहेर जाऊ दिलं, ते हे एवढंच होतं.

कागद निघाला. मी दुसरा लावला, तोही निघाला. आज सकाळी तिसरा लावून आले आहे. त्याचा फोटो तिला पाठवला. तिने पाहिला आहे, उत्तर नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा करायचा मला हक्क नाही.

पण तुम्हाला पूर्ण सांगायचं म्हणून बसले आहे. तिन्ही कागदांवर मी पाइपाचं लिहिलं. ती दोन वाक्यं माझी होती हे एकाही कागदावर लिहिलेलं नाही. दर वेळी लिहायला बसते, पेन तिथपर्यंत येतो, आणि मी सही करून टाकते.